पुरावा खाडी पोहून येतो

ठाणे, ३ डिसेंबर १८८३

आज संत फ्रान्सिस झेवियरचा सण, आणि आजच घरावर घाला पडला. चर्चमध्ये मिस्सा आटोपून आम्ही नवराबायको परत आलो तर मागचे दार सताड उघडे, आणि परसात खाडीपलीकडच्या कळव्याचा तो पिवळा, कानफाटका कुत्रा आमच्या क्वीनीला चिकटून उभा. डेझी बाजूला अंग चाटत बसली होती. तिचे काम आधीच उरकले होते हे तिच्याकडे बघूनच कळले. मी काठी उगारली. बायकोने, विनिफ्रेडने, हात धरला. म्हणाली, आता मारून काय उपयोग, कुत्रीलाच इजा होईल.

आगगाडीच्या तारखात्यात तारमास्तर म्हणून हयात गेली. शब्द मोजून लिहायची सवय आहे, पण आज मोजणार नाही. रागावायचे तर मराठीतच, इंग्रजीत मला नीट रागावता येत नाही.

माझे इंजिनिअरसाहेब विलायतेला परत गेले तेव्हा या दोघी बहिणी माझ्या हाती देऊन गेले. लांब कानांच्या, रेशमी केसांच्या, अस्सल विलायती. साहेबाने एकच गोष्ट मागितली. “मास्तर, वंश शुद्ध ठेवा.” मी छातीवर हात ठेवून होय म्हणालो. साऱ्या नोकरीत साहेबाने माझ्याजवळ मागितलेली ही एकच गोष्ट. दोघी माजावर आल्या तशा मी त्यांना कोंडून ठेवले होते. इगतपुरीच्या गार्डाचा त्याच जातीचा कुत्रा येत्या रविवारी गाडीने यायचा होता. आता तो येऊन काय करणार?

दाराची कडी सैल झाली आहे असे विनिफ्रेड म्हणते. मी ओढून पाहिली, मला घट्ट वाटली. पण रोज तीच लावते, तिला ठाऊक असणार. दोन दिवस ती म्हणतच होती, बिचाऱ्या रडतात हो, बघवत नाही. बायकांचे मन हळवे.

५ डिसेंबर

होडीने कळव्याला जाऊन आलो. कुत्रा कोणाचा हे शोधावे लागले नाही. हौसाबाईच्या दारात पाय पसरून झोपला होता. हौसाबाई म्हणजे वांगी-मुळे घेऊन ठाण्याच्या बाजारात येते ती, नवरा नाही, एकटीने मळा करते. आमच्या घरीही भाजी तिचीच. मी झाला प्रकार सांगितला. शब्द जरा जपून वापरले, बाईमाणूस समोर होते. तिला जपायची गरज वाटली नाही. ती पोट धरून हसली.

मी म्हणालो, तुमच्या कुत्र्याने माझे नुकसान केले आहे. ती म्हणाली, “माजा कुत्रा नाय, मास्तर. दारात बसतो, घास खातो, मनात आला का जातो. मी त्याला आनला नाय, बांदला नाय.” मग जरा थांबून, “आनि तुमच्या दोगी काय रडत व्हत्या का?”

मी तडक होडीकडे वळलो. परतीच्या होडीत ठरवले, कोर्टात जायचे.

९ डिसेंबर

वकील त्र्यंबकरावांकडे गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात कायद्याची पुस्तके आढ्यापर्यंत लागली आहेत. मला पाहूनच घाम फुटला. एवढ्या माणसांनी एवढ्या भांडणांचा एवढा विचार करून ठेवला आहे! त्यातल्या एका जाड पुस्तकात बैलाचे, डुकराचे, कुत्र्याचे, सगळ्यांचे गुन्हे आहेत म्हणे. माझी कुत्री कायद्याच्या पुस्तकात आहे हे ऐकून मान ताठ झाली.

त्र्यंबकराव म्हणाले की मोकाट कुत्र्याने काय केले याला कोणी जबाबदार नसते. मोकाट आहे की पाळलेला, यावरच दावा उभा राहील किंवा पडेल. पाळलेला कोणता? “खायला घालतो तो धनी. एवढे एक शाबीत करा, बाकी मी पाहतो. भरपाईही मागू आणि कुत्रा जन्मभर साखळीने बांधून ठेवण्याचा हुकूमही मागू.” शिवाय हौसाबाईचा कुत्रा आणि आमच्या परसातला कुत्रा एकच, हेही दाखवायला हवे. मध्ये खाडी आहे. होडीवाले कुत्र्याला घेत नाहीत. मग आला कसा, हे न्यायाला बसलेले मुनसफसाहेब विचारणारच.

विनिफ्रेड म्हणाली, मला साक्षीला बोलावलंत तर मी खरं तेच सांगेन हं. तिच्याइतकी सरळ बाई साऱ्या आळीत नाही. तसे मी त्र्यंबकरावांना सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, बाईंना कशाला त्रास, कडी सैल होती एवढे पुरे.

१४ डिसेंबर

आज जे पाहिले ते कसे लिहावे कळत नाही.

उजाडताना आमच्या आळीच्या टोकाला, पायऱ्यांवर जाऊन बसलो. ओहोटी लागली होती. पलीकडे कळव्याच्या काठी हौसाबाई पाटी घेऊन होडीत चढली. कुत्रा तिच्या मागोमाग आला, होडीवाल्याने वल्हे उगारले, कुत्रा मागे सरला. आता हा तिथूनच उडी टाकणार असे मला वाटले. तो वळला आणि चिखलातून काठाकाठाने वरच्या अंगाला चालू लागला. कंटाळून घरी गेला, असे मी मनात म्हटले. चांगला लांब, खाजणाच्या झाडोऱ्यापर्यंत गेला, तिथे थांबला, पाण्याकडे बघत राहिला. मग सावकाश आत शिरला.

ओहोटीची ओढ ती काय सांगावी! माणूस वाहून जातो. होडीसुद्धा तिरकी मारावी लागते. आणि हा कुत्रा, नाक तेवढे वर, ओढीशी जराही भांडत नव्हता. पाणी त्याला खाली नेत होते आणि तो आडवा सरकत होता. मध्यावर एक लाट डोक्यावरून गेली तेव्हा मी उठून उभा राहिलो. माझ्या तोंडून देवाचे नाव निघाले, कोणासाठी निघाले ते देवच जाणे. मग पिवळे डोके वर आले. आणि तो कुठे लागला? जिथे मी बसलो होतो त्याच पायऱ्यांना. एक हातसुद्धा इकडे तिकडे नाही. वर इतके लांब का गेला होता ते तेव्हा माझ्या ध्यानात आले. पाणी आपल्याला किती खाली आणील याचा अंदाज त्याने आधीच बांधला होता.

अंग झाडून त्याने मला भिजवले आणि बाजाराकडे हौसाबाईच्या वासावर निघून गेला. मी इथे पन्नास वर्षे राहिलो आहे, खाडी रोज बघतो. आज ती पहिल्यांदा पाहिली असे वाटते.

पुरावा पक्का झाला. दावा दाखल करायला सांगितले.

२० डिसेंबर

दोघींचा माज कधीच उतरला, तरी तो येतोच. कुंपणाबाहेर बसतो, आत पाऊल टाकत नाही. सुनावणीपर्यंत त्याला डोळ्यासमोर ठेवणे बरे, म्हणून बोंबलाची डोकी आणि थोडा भात टाकला. कोर्टाच्या कामाला हे करावे लागते.

विनिफ्रेडने रात्री ताट वाढताना विचारले, “पुरावा जेवला का?”

आता ती त्याला पुरावाच म्हणते. वाईट म्हणजे तोही त्या हाकेला येऊ लागला आहे.

२५ डिसेंबर

नाताळ. पुराव्याला खोबऱ्याच्या दोन गोड नेवऱ्या दिल्या. सण आहे.

९ जानेवारी १८८४

संध्याकाळी तो परत जाताना पाहिला. भरती होती, म्हणून आज उलट खालच्या अंगाला गेला आणि तिकडून पाण्यात उतरला. पाणी कोणत्या वेळी कुठे चालले आहे हे त्याला कोण सांगते? तारखात्यात आम्ही हजार कोसांवरची खबर क्षणात आणत होतो आणि त्याचा मला केवढा गर्व होता. याच्याकडे तार नाही, घड्याळ नाही. विनिफ्रेडला हे सगळे सांगत होतो तर ती म्हणाली, मास्तर, तुम्ही दावा त्याच्यावर लावलाय की त्याच्या बाजूने?

दावा हौसाबाईवर आहे. एवढे तिला कळू नये!

४ फेब्रुवारी

आज दुपारी क्वीनी व्याली. डेझीही आज-उद्या मोकळी होईल.

नुकसान डोळ्यांनी पाहून ठेवावे म्हणून मी जवळ बसलो. कोर्टात सांगावे लागेल. पहिले पिल्लू बाहेर आले, पातळ पिशवीत गुंडाळलेले, हलत नव्हते. मला वाटले, गेले. क्वीनीने पिशवी फाडली, चाटचाट चाटले, नाकाने उलटे केले. ते दमले-भागले तोंड उघडले आणि एकदा आवाज आला, एवढासा. तिला हे कोणी शिकवले नाही. ती विलायतेतून इथे आली तेव्हा स्वतःच पिल्लू होती. मी हात जोडून बसलो होतो हे विनिफ्रेडने सांगितल्यावर मला कळले.

पिल्ले पिवळी आहेत. एकाचे कान लांब, एकाचे उभे, एकाचा एक लांब आणि एक उभा. साहेबाला दिलेला शब्द पुरता बुडाला. साहेबाला कळवायचे म्हणून बसलो होतो, पण ‘वंश बिघडला’ असे लिहायला हात धजेना. ती पिल्ले समोर दूध पीत होती, त्यांच्यात बिघडलेले काय होते ते मला दाखवता आले नसते.

पुरावा दिवसभर कुंपणाबाहेर उभा होता. बसला नाही.

२६ फेब्रुवारी

हौसाबाई भाजी घेऊन आली. तिला समन्स पोचले आहे, सुनावणी १४ मार्चला. रागाने बोलेल असे वाटले होते. तिने पिल्ले बघायला मागितली. एकेक उचलून पाय चाचपले आणि म्हणाली, त्याचेच पंजे. मग ओट्याच्या खाली बसून विचारले, कुत्रा माझा ठरला तर काय? मी सांगितले, भरपाई द्यावी लागेल आणि त्याला कायमचे साखळीने बांधावे लागेल. ती म्हणाली, बांधला तर तो अन्न सोडेल. मी म्हणालो, मग तुमचा नाही म्हणा, तुम्हाला तसे म्हणायचा हक्क आहे. ती नुसती खाडीकडे बघत बसली. वांग्यांचे पैसे घ्यायचेही विसरून गेली.

मी माझी बाजू तिला सरळ सांगितली, लपवाछपवी केली नाही. तरी जेवण गेले नाही. वांगी बाधली असावीत.

६ मार्च

दवंडी पिटली. उन्हाळ्याच्या तोंडावर कुत्री पिसाळतात, म्हणून ठाणे आणि कळवा दोन्हीकडे मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम निघाला आहे. गळ्यात पट्टा हवा आणि ‘हा माझा’ असे चावडीवर नाव देणारा धनी हवा. नाही तर दिसेल तिथे दंडुका. सोळा तारखेपासून.

त्र्यंबकराव खुशीत होते. म्हणाले, बाई आता दोन्हीकडून सापडली. कुत्रा आपला म्हणाली तर दावा आपण जिंकला. नाही म्हणाली तर कुत्रा मेला, तुमचा काटा आपोआप निघाला. मी हसलो. बाहेर आल्यावर आपण का हसलो असे वाटले.

पट्टा घालायचा तर तिनेच घालायचा ना? आणि पट्टा घातला की दावा तिच्या गळ्यात पडला. मग ती घालणार कशी? त्र्यंबकरावांना हे आधीच दिसले होते. मला घरी येऊन दिवा लावल्यावर दिसले.

विनिफ्रेडला सांगितले. ती दिव्याची वात सारखी करत राहिली. मग म्हणाली, “कडी सैल नव्हती हो.” मी म्हणालो, असू दे, आता कडीचे काय. ती मला काहीतरी सांगू पाहत होती, पण माझे चित्त ठिकाणावर नव्हते.

१४ मार्च

आजचे सगळे लिहून मगच झोपणार.

कोर्ट भरले होते. असल्या दाव्याची बातमी लगेच पसरते. अर्धी आळी आणि कळव्याच्या दोन होड्या भरून माणसे आली होती. हौसाबाईला वकील नव्हता. मुनसफसाहेब वयस्कर, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. आधी माझी जबानी. पवित्र पुस्तकावर हात ठेवून खरे सांगायची शपथ घेतली.

कुत्रा भरल्या खाडीतून येऊ शकतो हे साहेबांना पटेना. मग मी सांगितले. ओहोटीला वर कसा जातो, भरतीला खाली कसा जातो, लाट डोक्यावरून गेली तेव्हा काय झाले, कसा नेमका पायऱ्यांना लागतो. किती बोललो मला भान नाही. त्र्यंबकरावांनी दोनदा खोकून पाहिले. थांबलो तेव्हा मागची माणसे बाकांवरून पुढे झुकली होती. मुनसफसाहेबांनी लेखणी खाली ठेवली होती.

ते हळूच म्हणाले, “मास्तर, हा कुत्रा तुम्हाला आवडतो असे दिसते.”

मी म्हणालो, नुकसानीचा दावा आहे, साहेब. तेव्हा सगळे हसले.

मग त्र्यंबकराव उठले आणि त्यांनी तो मुद्दा मांडला, खायला घालतो तो धनी. हौसाबाईला विचारले, कुत्र्याला खायला घालता की नाही? ती म्हणाली, घालते. जेवायच्या आधी कावळ्याला, गाईला, कुत्र्याला घास काढायचा असतो, आमच्यात सगळेच काढतात. मग कावळा पण माझा का? त्र्यंबकराव म्हणाले, कावळा रोज तुमच्या दारात झोपत नाही. साहेबांनी ते लिहून घेतले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “आणि तुमच्याकडे आला म्हणजे उपाशीच परत जातो?”

शपथ घेतली होती. सांगितले. बोंबलाची डोकी. भात. नाताळात नेवऱ्या. मागच्या आठवड्यात विनिफ्रेडने केलेले कोळंबीचे कालवणसुद्धा. साहेबांनी विचारले, हाक काय मारता? मी म्हणालो, पुरावा. कोर्टात इतका हशा झाला की पट्टेवाल्याला ओरडावे लागले. त्र्यंबकराव खाली बसले ते माझ्याकडे पाहीनातच. त्यांच्याच नियमाने धनी कोण ठरत होता ते सगळ्यांना दिसत होते. मला तेव्हा फक्त लाज वाटत होती.

हशा थांबल्यावर साहेब हौसाबाईकडे वळले. स्वर बदलला होता. म्हणाले, बाई, हास्यविनोद पुरे. दवंडी तुम्ही ऐकली आहे. कुत्रा तुमचा आहे की नाही, एक काय ते सांगा. नाही म्हणालात तर तुम्ही मोकळ्या.

ती पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही, कोणाकडेच पाहिले नाही.

“नाय म्हनली तर परवा त्याला मारतील,” ती म्हणाली. “माजा लिवा, सायेब. काय भरायचा तो भरीन. साकली बांदीन. जिता तरी ऱ्हाईल.”

मी जिंकलो होतो. हेच तर तीन महिने मला हवे होते. त्र्यंबकरावांनी माझा गुडघा दाबला. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती साखळी आली. कळव्याच्या काठावर खुंटाला बांधलेला तो, समोरून ओहोटीचे पाणी चाललेले, आणि त्याला ठाऊक असलेले की नेमके कुठून उतरायचे. मी उभा राहिलो. कोणी बोलायला सांगितले नव्हते.

“तो माझा आहे,” मी म्हणालो.

साहेबांनी विचारले, काय म्हणालात? मी पुन्हा म्हणालो. कुत्रा माझा आहे, मी त्याला खायला घालतो, माझ्या हाकेला येतो, वकिलांनी सांगितलेला नियम हाच. हौसाबाई वळली आणि म्हणाली, मास्तर, खोटा बोलू नका, माजा हाय तो. मी म्हणालो, बाई, शपथेवर आहे मी. ती म्हणाली, मी पन खरा सांगनार म्हनून बोलली हाय. आम्ही दोघे भर कोर्टात कुत्र्यावरून भांडू लागलो, तीन महिन्यांपूर्वी भांडलो होतो त्याच्या अगदी उलटे. या वेळी कोणी हसले नाही.

साहेबांनी हात वर केला. म्हणाले, “वादी स्वतःच म्हणतो की कुत्रा त्याचा. कुत्र्या तर त्याच्या आहेतच. म्हणजे मास्तर, तुमच्या कुत्र्याने तुमच्या कुत्र्यांशी तुमच्याच परसात जे केले त्याबद्दल तुम्ही कोणाकडून भरपाई मागता?”

मी खाली बसलो. दावा फेटाळला गेला. साखळीची मागणीही त्याच्याबरोबर गेली, कारण आता मागणारा मी आणि बांधणारा मीच.

१५ मार्च

चावडीवर नाव देऊन आलो. कारकुनाने विचारले, कुत्र्याचे नाव? मी सांगितले. त्याने वर पाहिले आणि न विचारता लिहिले.

चांभाराकडून पट्टा करून घेतला होता. संध्याकाळी पायऱ्यांवर पुराव्याला बोलावले. जन्मात ज्याच्या गळ्यात कधी काही पडले नाही, तो हे कसे मानणार अशी धास्ती होती. त्याने मान खाली घातली आणि मी पट्टा आवळेपर्यंत स्थिर राहिला. विनिफ्रेड मागे उभी होती. तिने मला तेव्हा सांगितले की तीन डिसेंबरला मिस्साला निघताना मागचे दार तिनेच उघडे टाकले होते. मी विचारले, का? ती म्हणाली, पोहून आला होता हो तो, ओला होता, आपल्या मागच्या दारात उभा होता. एवढ्या लांबून आलेल्याला दार कसं लावायचं?

मी रागावलो नाही. मीसुद्धा लावू शकलो नसतो.

मग तो उठला. भरती चढत होती. तो काठाने खालच्या अंगाला चालत गेला, थांबला, पाण्याकडे पाहिले आणि उतरला. गळ्यात माझ्या नावाचा पट्टा, आणि निघाला हौसाबाईकडे. मध्यावर पाणी उसळत होते. तो तिथून जाताना विनिफ्रेडने माझा दंड घट्ट धरला. पलीकडे कळव्याच्या काठावर कोणीतरी उभे होते. ऊन उतरले होते, तोंड दिसत नव्हते, पण पदर वाऱ्यावर उडत होता. पिवळा ठिपका बरोबर तिच्या पायाशी जाऊन लागला. तिने वाकून त्याच्या गळ्याला हात लावला, पट्टा चाचपला, आणि मग दोन्ही हात जोडून आमच्या बाजूला नमस्कार केला. मला का, खाडीला का, त्याला का, ते मला कळले नाही. मीही हात जोडले.